बाबा वाकडे का बसतात?

मित्रांनो, माझ्या अंगात एक पायजमा आहे, सोळा चादरी आहेत, लाकडाच्या गिरणीतले पाच निळे सदरे आहेत आणि एक पिवळा झगाही आहे. हे सगळे कपडे उभे फाडायचे, त्यांच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या करायच्या आणि त्या पट्ट्या मागावर विणायच्या, की जे तयार होते ती मी. चिंध्यांची सतरंजी. फिनलंडमधल्या कुओपिओ गावात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात मी माझे उभे आयुष्य आडवे पडून काढले आहे.

जमिनीवर पडून राहणारीला जगाचे काय कळणार, असे तुम्ही म्हणाल. माणसांचे चेहरे मला फारसे दिसत नाहीत, हे खरे. पण पाय दिसतात, आणि मला पहिल्यापासून चौकशीची खोड आहे. हा पाय आज दमून का पडला? याने मोजा उलटा का घातला? शाळेतून येणारी ही पावले दाराशीच का थांबली? दिवसभर मी हेच करते. बहुतेक प्रश्नांची उत्तरे संध्याकाळपर्यंत मिळून जातात. दोन कोडी मात्र अशी निघाली की ती सुटायला नऊ वर्षे लागली.

पण आधी माझा जन्म. तेव्हाचे जे सांगते ते माझ्यातल्या पायजम्याने पाहिलेले आहे.

या घराची मालकीण सिरक्का. ती रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. तिचा नवरा ओइवा लाकडाच्या गिरणीत. तिची कामाची पाळी सकाळची असली की त्याची दुपारची, आणि त्याची सकाळची असली की तिची दुपारची. यार्मो, सातू आणि किम्मो अशी तीन मुले. स्वयंपाकघराची फरशी हिवाळ्यात इतकी गार पडे की कुणीही पाय खाली टेकवत नसे. मुले खुर्चीच्या दांडीवर पाय घेऊन बसत आणि दोन मिनिटांत खाऊन पळत. ओइवा तर ओट्याशी उभ्यानेच जेवायचा.

"हे घर आहे का बसथांबा?" सिरक्का एकदा ओरडली. "येतात, उभ्याने गिळतात, जातात!"

दुकानात छान जाड गालिचे होते. सिरक्का कामावरून येताना काचेतून बघायची आणि पुढे निघायची, कारण भाडे, कोळसे आणि तीन मुलांचे हिवाळी बूट यांतच दोघांचा पगार संपत असे. पण ती हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. तिने शेजारपाजारच्या अडगळीतून पाच खुर्च्या गोळा केल्या. पाचही पाच तऱ्हेच्या. होडीला लावून उरलेला निळा रंग तिने पाचींना फासला आणि एका दुपारीत त्या सख्ख्या बहिणी झाल्या. धुलाईघरातून मोडीत निघालेल्या चादरी तिने आणल्या, त्यांतल्या दोन कांद्याच्या सालींच्या पाण्यात उकळून पडदे केले. उरलेल्या चादरी माझ्यासाठी ठेवल्या.

आमच्या इमारतीच्या तळघरात सगळ्यांचा मिळून एक माग होता. किल्ली पहिल्या मजल्यावरच्या हिल्काबाईंकडे. त्यांच्या यादीत नाव लागले की दहा दिवस माग आपला. मग पुढच्या बाईची पाळी. सिरक्काचा नंबर लागला तेव्हा तिच्याकडे चादरी होत्या, सदरे होते, पायजमा होता, तरी माल थोडा कमीच पडत होता. तिने कपाटाच्या तळातून तो पिवळा झगा काढला. पिवळ्यावर बारीक पांढरे ठिपके, आणि घेर हा एवढा.

"हा आता माझ्या एका मांडीला पण होणार नाही," ती हसत म्हणाली. "ओइवा, फाडू का रे?"

ओइवा वर्तमानपत्र वाचत होता. वर्तमानपत्र खाली आले. बराच वेळ ते खालीच राहिले. मग परत वर गेले.

"हं," मागून आवाज आला.

"हं म्हणजे हो का नाही?"

त्यावर उत्तर आले नाही. ओइवाच्या मौनाचा अर्थ सोयीने लावायचा, हे सिरक्का लग्नानंतर लवकरच शिकली होती. तिने कात्रीने एक चीर दिली आणि झगा टराटरा फाडला. फाडताना त्याच्या घेराच्या काठाशी हिरव्या दोऱ्याचे काही टाके लागले. पिवळ्या कापडावर हिरवा दोरा, आणि टाके असे वेडेवाकडे की जणू कुणीतरी काळोखात घातलेले. सिरक्काने ते पाहिले आणि घाईघाईत तेही पट्टीत गुंडाळले. मागाची पाळी उद्यापासून होती ना!

ते हिरवे टाके कशाचे, हे माझे पहिले कोडे.

दहा दिवस तळघरात धोटा इकडून तिकडे धावत होता. सिरक्का कामावरून आली की मुलांना खायला घालून खाली उतरायची आणि फणी ठोकत बसायची. आधी चादरींचे करडे पट्टे, मग सदऱ्यांचे निळे, मध्ये पायजम्याचे रेघारेघांचे, पुन्हा करडे, आणि शेवटाला वीतभर रुंदीचा पिवळा. हिल्काबाई मला मागावरून कापून काढताना म्हणाल्या, "अगं सिरक्का, हा पिवळा पट्टा बघ. सबंध सतरंजीत दिवा लावल्यासारखा दिसतोय!" माझी पहिली स्तुती ती. मी अजून विसरलेले नाही.

मला टेबलाखाली अंथरले. ओइवाची खुर्ची टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला, सिरक्काची चुलीकडच्या टोकाला, मुले दोन्ही बाजूंना. पहिल्या संध्याकाळी किम्मोचा एक पाय हळूच खाली आला. अंगठ्याने त्याने मला चाचपून पाहिले. मग दुसरा पाय आला. मग सातूचे दोन, यार्मोचे दोन. ओइवा ओट्याशी उभा होता तो बशी घेऊन आला आणि बसला. त्या दिवशी जेवण अर्धा तास चालले. यार्मोने शाळेतली एक लांबलचक गोष्ट सांगितली आणि कुणीही उठून गेले नाही. माझ्या जन्माचे सार्थक झाले असे मला तेव्हाच वाटले.

सिरक्का मात्र एका शब्दासाठी ताटकळली होती. तो शब्द शेजाऱ्यांचा नको होता तिला, नवऱ्याचा हवा होता. शेवटी तिनेच विचारले, "ओइवा, सतरंजी कशी झालीय?"

ओइवाने खाली पाहिले. "बरी आहे," तो म्हणाला.

"बरी आहे!" दुसऱ्या दिवशी ती हिल्काबाईंना सांगत होती. "हिल्काताई, तो सायकलच्या ट्यूबलासुद्धा बरी आहे म्हणतो. मी घर सजवलं काय अन् गोठा सजवला काय, त्याला काय फरक पडतो?"

"पुरुषच तो," हिल्काबाई म्हणाल्या, "त्यातून ओइवा. जास्त बोलला तर आजारी पडेल."

मला पण वाईट वाटले. पण त्याच सुमारास मला दुसरे कोडे पडले, आणि मी वाईट वाटणे बाजूला ठेवून त्याच्या मागे लागले.

ओइवा वाकडा बसायचा. बाकी सगळे टेबलाला तोंड करून नीट बसत. ओइवा खुर्ची तिरकी ओढायचा, तिचे चारही पाय माझ्यावरून खाली फरशीवर उतरवायचा आणि स्वतःचे पाय एका बाजूला दुमडून घ्यायचा. एवढा धिप्पाड माणूस, तो असा अवघडून बसलेला पाहून मुलांची हसता हसता पुरेवाट व्हायची.

"बाबांचं जहाज कललं!" किम्मो म्हणायचा.

दर गुरुवारी वाटाण्याचे दाट सूप व्हायचे, आणि दर गुरुवारी ओइवाच्या विजारीवर त्याचा एक तरी थेंब पडायचाच, कारण बशी एकीकडे आणि तोंड दुसरीकडे.

"सरळ बस की रे!" सिरक्का म्हणायची. "मुलं बघून शिकतात. पाठीला पोक येईल एक दिवस."

"असंच बरं आहे."

"काय बरं आहे त्यात? टोचतं का काही?"

"नाही."

संपले बोलणे. मी खालून बघत राहायचे. त्याच्या पायाला जखम नव्हती. खुर्ची डगमगत नव्हती. फरशी गार होती, माझ्यावर ऊब होती, आणि हा गृहस्थ मुद्दाम गार फरशीवर पाय ठेवून जेवत होता! काय म्हणावे याला? मला तर कधी कधी वाटे की मीच त्याला आवडत नाही. पण मग दर उन्हाळ्यात तळ्याकाठच्या धक्क्यावर मला धुऊन, वाळवून घरी आणले, की अंथरण्याचे काम तो कुणालाही करू देत नसे. स्वतः गुडघे टेकून, कोपरे ओढून, सरळ रेषेत अंथरायचा. पिवळा पट्टा नेहमी आपल्या खुर्चीकडे. आणि मग त्याच खुर्चीवर वाकडा बसायचा. माझी मती कुंठित व्हायची.

वर्षे गेली. माझ्यावर कॉफी सांडली, शाई सांडली, एकदा तर मासे साफ करायची परातच पालथी झाली. यार्मोच्या टाचांनी माझा एक निळा पट्टा पार झिजवला. सिरक्का जेवताना शंभरदा उठायची, तिच्या खुर्चीच्या पायांनी मला भोके पाडली. घरातली गडबड वाढत गेली आणि दोन उन्हाळे मला धुवायला कुणाला वेळच झाला नाही. माझे रंग मळाखाली गेले. कुणी पाहुणे आले की सिरक्का मला पायाने टेबलाखाली थोडे आत सारायची. ते पाऊल मला फार लागायचे.

आणि मग गालिचा आला. दोघांचे पगार वाढले होते. सिरक्काने एके शनिवारी दुकानात जाऊन तपकिरी, मऊ, जाड गालिचा आणला. मला गुंडाळून स्वयंपाकघराच्या दारामागे उभे केले. आयुष्यात पहिल्यांदा मी उभी राहिले, आणि पहिल्यांदा मला त्या माणसांचे चेहरे नीट दिसले. सिरक्काच्या केसांत पांढरे आले होते. ओइवाचे डोळे निळे होते, हेही मला तेव्हा कळले.

त्या संध्याकाळी ओइवा जेवायला बसला. खुर्ची ओढली आणि नीट, ताठ, टेबलाला तोंड करून बसला!

"आई, बघ!" सातू ओरडली. ती आता चौदा वर्षांची होती. "बाबा सरळ बसले!"

सगळे हसले. सिरक्कापण हसली. "चांगला गालिचा आला की माणसं सरळ होतात," ती म्हणाली. पण दारामागून मला तिचा चेहरा दिसत होता, आणि हसू त्यावर फार वेळ टिकले नाही.

दुसऱ्या दिवशी हिल्काबाई कॉफीला आल्या तेव्हा ते बाहेर आले. "नऊ वर्षं माझ्या सतरंजीवर तोंड वाकडं करून बसला," सिरक्का म्हणाली, "आणि विकतच्या गालिच्यावर एका दिवसात सरळ! म्हणजे माझ्या हातचं त्याला खुपतच होतं ना? मग सांगायचं होतं तोंडाने. मी कशाला राबले एवढी?"

"अगं, पण..."

"नाही हिल्काताई. धुते आणि चर्चच्या विक्रीला देऊन टाकते. कुणाच्या तरी सौनाच्या ओसरीवर पडेल."

मित्रांनो, मला सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, ओसरीची भीती नव्हती. तिथेही पायच येतात. पण ही बाई नऊ वर्षे राबून शेवटी हरली असे समजत होती, आणि कोडे न सुटताच मी या घरातून जाणार होते. मला त्याचे फार वाईट वाटले.

जूनमधल्या एका स्वच्छ सकाळी सिरक्का, सातू आणि हिल्काबाई मला तळ्याकाठच्या धक्क्यावर घेऊन गेल्या. तिथे लांब लाकडी टेबले आहेत. उन्हाळ्यात निम्मे गाव तिथे सतरंज्या घासत असते. त्यांनी मला भिजवले, पाइनच्या साबणाचा फेस केला आणि ब्रशांनी घासायला लागल्या. दोन वर्षांचा मळ तपकिरी पाण्यातून वाहून गेला. मग सातूने बादलीभर पाणी ओतले आणि ती एकदम थांबली.

"आई, हा पट्टा तू नंतर घातलास का?"

"कुठला?"

"हा पिवळा. बघ ना, सगळी सतरंजी झिजलीय. हा कोरा करकरीत आहे."

सिरक्का वाकली. "नाही गं. तोही तेव्हाचाच."

"मग झिजला कसा नाही?" सातू माझ्यासारखीच चौकस. तिने ब्रश टाकला आणि माझ्या कडेने चालू लागली. "इथं तुझी खुर्ची, ही भोकं. इथं यार्मोच्या टाचा. इथं मी, इथं किम्मो. आणि पिवळ्यावर कोण बसायचं?"

"बाबा," सिरक्का म्हणाली.

"काहीतरीच!" हिल्काबाई म्हणाल्या. "ओइवाएवढा माणूस नऊ वर्षं बसेल तर खालची फरशी झिजेल. हा तर पायच न लागल्यासारखा दिसतोय."

"पायच नाही लागला," सातू हळूच म्हणाली. "आई, बाबा वाकडे बसायचे ना!"

सिरक्काने ओल्या हाताने पट्ट्याची कड उलटली. तिथे ते हिरवे टाके होते, वेडेवाकडे, नऊ वर्षांपूर्वी होते तसेच. ती धक्क्याच्या फळीवरच बसली, हसायला लागली, आणि हसता हसता ॲप्रनने डोळे पुसायला लागली.

"काय झालं गं?" हिल्काबाई घाबरल्या.

"तळ्यापलीकडचा नाचाचा मांडव आठवतोय का, हिल्काताई? लग्नाआधीची गोष्ट. मी हा झगा घालून पायऱ्यांवर बसले होते, घेर पसरून. शेजारी हा बसलेला. तासभर नुसता बसला, एक शब्द नाही. मग बायकांनी जोडीदार निवडायची वेळ झाली. मी म्हटलं, या मुक्याबरोबर कुठे बसू! तिकडे एक उंच ट्रकवाला उभा होता, त्याला विचारायला उठले, तर टर्रकन! याचा बूट माझ्या घेरावर."

"अगंबाई!"

"झालं, अर्धा काठ फाटलेला. जाते कुठे? परत बसले. मांडवाच्या तिकीटवालीकडून सुईदोरा मागून आणला यानेच. हिरवाच होता तिच्याकडे. टाकेपण त्यानेच घातले, दिवे पार तिकडे, पायऱ्यांवर काळोख. त्या काळोखातसुद्धा दिसावेत इतके कान लाल झाले होते. आणि मी सुनावलं, 'आता पुन्हा माझ्या झग्यावर पाय दिलास तर याद राख!'"

"मग? काय म्हणाले बाबा?" सातूने विचारले.

"काय म्हणणार? 'हं' म्हणाला."

अशी माझी दोन्ही कोडी एका बादलीभर पाण्यात सुटली.

दोन दिवस मी दांडीवर वाऱ्यात वाळले. तिसऱ्या दिवशी सिरक्काने तपकिरी गालिचा उचलून मुलांच्या खोलीत टाकला आणि मला पुन्हा टेबलाखाली अंथरले. पण मुद्दाम उलटी! पिवळा पट्टा चुलीकडे, तिच्या स्वतःच्या खुर्चीखाली. सातू तोंड दाबून कोपऱ्यात उभी होती. बघू या काय करतो ते.

ओइवा कामावरून आला. दारात थांबला. माझ्याकडे पाहिले, मग सिरक्काच्या खुर्चीकडे पाहिले. एक शब्द न बोलता त्याने टेबल भिंतीकडे सरकवले, मला बाहेर ओढले, फिरवले, गुडघे टेकून कोपरे सरळ केले आणि टेबल जागेवर आणले. मग खुर्ची घेतली, तिरकी केली आणि वाकडा बसला.

वार गुरुवार होता. सिरक्काने सूप वाढले. स्वतः बसली नाही, त्याच्या शेजारी उभी राहिली.

"ओइवा, तू असा वाकडा का बसतोस रे?"

ओइवा सूपकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले असावेत, कारण किम्मो खुसखुसला.

"तूच म्हणाली होतीस," तो म्हणाला.

"काय?"

"याद राख म्हणून."

सिरक्काने हातातला डाव खाली ठेवला.

"अरे, मग मी फाडत होते तेव्हा सांगायचं होतंस ना! नको फाडू म्हणायचं!"

"तुला सतरंजी हवी होती," ओइवा म्हणाला. "घर गार होतं."

सिरक्काने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला तिचे फक्त पाय दिसत होते, पण ते त्याच्या गार फरशीवरच्या पायांच्या अगदी जवळ आले होते.

"आणि आता कशी आहे सतरंजी?" तिने विचारले.

"बरी आहे," ओइवा म्हणाला.

या वेळी सिरक्का तो शब्द कुणाकडे तक्रार करायला घेऊन गेली नाही. 'सरळ बस' असेही त्या घरात पुन्हा कुणी म्हटले नाही. दर उन्हाळ्यात, कितीही घाई असो, मला धक्क्यावर नेऊ लागले. यार्मोच्या टाचांखालचा पट्टा सिरक्काने पुन्हा भरून काढला, सातूच्या जुन्या रात्रीच्या झग्याने.

आता मुले आपापल्या घरी गेली आहेत. ओइवाला जाऊन दोन हिवाळे झाले. माझी वीण सैल झाली आहे, पण ऊन, वारा आणि पाइनचा साबण मिळाला की मी अजून काही वर्षे सहज काढीन. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कुणी असेल. फाटक्या कपड्यांचे, हातांनी केलेले, रोज पायांखाली असणारे. त्याला वर्षातून एकदा तरी धुवा, उन्हात घाला आणि त्यात कोण कोण आहे ते विचारा. विचारल्याशिवाय आम्हाला सांगता येत नाही.

खिडकीकडची खुर्ची सिरक्काने रिकामी ठेवलेली नाही. तिथे ती स्वतः बसते. मागच्या गुरुवारी सातूची धाकटी मुलगी सूप प्यायला आली होती. तिने आजीकडे बराच वेळ पाहिले आणि शेवटी न राहवून विचारले, "आजी, तू अशी वाकडी का बसतेस?"

सिरक्काने आपले पाय गार फरशीवर आणखी थोडे बाजूला घेतले.

"खाली बघ," ती म्हणाली.